जुन्नरचे यवन दाखवणार कोण?

मराठी माणूस आता अथेन्सला जातो, रोमला जातो. तिथला गाइड पडक्या खांबांपाशी थांबून सांगतो, इथे बाजार भरायचा, इथे सभा व्हायची, आणि सगळी मंडळी भर उन्हात कान देऊन ऐकतात. त्यातल्या अनेकांनी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शनही घेतलेले असते. मात्र तो गणपती एका बौद्ध विहारात बसला आहे आणि शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने कोरवून घेतले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तसा शिलालेख तिथेच, दारावर आहे.

ग्रीक-रोमन जगाशी महाराष्ट्राचा संबंध पाहायचा तर विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. जुन्नर गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. त्यातल्या भूतलिंग गटातले चैत्यगृह आतून अर्धवटच राहिले, पण त्याचे दर्शनी काम पाहताना पाय निघत नाही. दारावरच्या अर्धगोलात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे आहेत. मधल्या कप्प्यात लक्ष्मी उभी, दोन्ही बाजूंना हत्ती आणि हात जोडलेली माणसे. वर आग्या मोहोळ लटकलेले असते, त्यामुळे इथे आवाज न करता उभे राहावे लागते. त्याच अर्धगोलावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे: हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचे दान. शिवनेरीच्या कातळात चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या तिसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवली.

ही माणसे नेमकी कोण? यवन म्हणजे आधी ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला कोणीही. शिवाय चंद हे नाव तर इथलेच वाटते. काही अभ्यासक यांना ग्रीक वंशाचे व्यापारी मानतात, काहींच्या मते ती इथे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली कुटुंबे असावीत. चांगल्या गाइडने हा वादही पाहुण्यांसमोर मांडावा. लोकांना तो नक्की आवडेल. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत, नाशिकच्या लेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचा लेख आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली. तेव्हा जुन्नरचे तिघे एकटे नव्हते.

ते इथवर आले कशासाठी, याचे उत्तर नाणेघाटात मिळते. कल्याण बंदरातून निघालेला माल हा घाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक लेखकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण, पैठण, तेर ही तिन्ही नावे आहेत. कल्याणला लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो लिहितो. ही सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या चढाओढीची झळ. त्यातला क्षत्रप नहपान जुन्नरलाही भेटतो: मानमोडीवरच त्याचा अमात्य अयम याचा वर्ष 46 चा लेख आहे. घाटमाथ्यावर आजही दगडी रांजण उभा आहे. जकात त्यात टाकत, असे गावकरी सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. तिथे सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता त्यांची पावले आणि वरची नावे तेवढी शिल्लक आहेत.

जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले. जुलै 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढणार हे उघड आहे, आणि महाराजांच्या जन्मस्थळी लोकांनी यावेच. पण वाहनतळ आणि कमानी बांधून त्यांना पाहिलेले कळणार नाही. गडावर गेलेल्यांना त्याच डोंगराच्या पोटातली लेणी सहसा दिसतच नाहीत, कारण तिकडे नेणारा माणूस नाही. त्या माणसावर आधी खर्च व्हायला हवा.

हे अवघड नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या महाविद्यालयांत ब्राह्मी लिपीचा छोटा अभ्यासक्रम चालवता येईल. घाटवाटा पायाखालच्या असलेली आदिवासी पाड्यांतली मुले-मुली आहेतच. त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेले मानधन द्यावे. प्रत्येक लेखाखाली मराठीत अर्थ सांगणारी पाटी हवी. मानमोडीच्या मोहोळांमुळे गट लहानच ठेवावे लागतील, तो नियम कडक असावा. घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांसाठी आंबेगावातूनही अशी फेरी सुरू करता येईल: आहुपे घाटाच्या कड्यावरून कोकण दाखवायचे, दुसऱ्या दिवशी तुळजा लेण्यातले बारा खांबांचे गोल चैत्यगृह, मग मानमोडी. शाळांच्या सहलींपासून सुरुवात केली तर पुढच्या हिवाळ्यातच पहिला गट चंद यवनाच्या दारात उभा राहू शकतो.