उशाशी ठेवलेली गोळी

चातुर्मास जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. चालू असलेली औषधे आणि तपश्चर्या यांचा मेळ कसा घालावा, हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी येथे पूर्वी लिहून झाले आहे. यंदा एका भगिनींनी झोपेच्या गोळीविषयी विचारले आहे. त्यांच्या सासूबाईंचे वय ७२. गेली सहा वर्षे त्या अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेतात आणि चौविहार असल्यामुळे ती सूर्यास्तापूर्वीच घेतात. यंदा पर्युषणात अठ्ठाई करण्याचा त्यांचा निश्चय असून त्या आठ दिवसांत ही गोळीही बंद ठेवणार आहेत. झोप लागणार नाही, इतकेच ना? तेवढी आराधना अधिक होईल, असे त्यांचे म्हणणे.

इतकेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

मेंदूतील चेतापेशींचा वेग आवरून धरणारे ‘गाबा’ नावाचे रसायन आपल्या शरीरातच तयार होते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम या एकाच कुळातील गोळ्या त्याचा परिणाम वाढवितात. झोल्पिडेम त्या कुळाबाहेरची असली तरी शिरते त्याच दाराने. काही आठवड्यांतच मेंदू ही बाहेरची मदत गृहीत धरून आपली घडी बदलतो आणि पूर्वीइतक्याच मात्रेने पूर्वीसारखी झोप येईनाशी होते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबली की आवरणारा हात सुटतो. अंगाची थरथर, घाम, छातीत धडधड, कमालीची अस्वस्थता आणि पूर्वीच्याहून वाईट निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांना भ्रम होऊ शकतो, अपस्मारासारखे झटकेही येऊ शकतात आणि ते प्राणावर बेतू शकतात. अल्प्राझोलाम शरीरातून तुलनेने लवकर निघून जाते, म्हणून तिची लक्षणे पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतात. डायझेपामची मात्र काही दिवस दबा धरून बसतात.

अठ्ठाईत यामुळे एक विचित्र फसगत होते. तिसऱ्या उपवासाला हात थरथरू लागले, घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर घरातील सर्वांना तो उपवासाचा अशक्तपणा वाटतो. पारण्यापर्यंत धीर धरा, असे सांगणारे भोवती असतातच. पुढे रुग्णालयात नेण्याची पाळी आलीच, तर तेथे साखर आणि सोडियम तपासले जाते, परंतु तीन दिवसांपूर्वी बंद केलेल्या गोळीचा उल्लेख कोणी करीत नाही, कारण घरच्यांच्या लेखी ते औषध नसतेच. रक्तदाबाची गोळी हे औषध, मधुमेहाची गोळी हे औषध आणि ही आपली ‘झोपेची’!

पच्चक्खाणात आगार असतात हे आपणांस ठाऊक आहे. तपस्व्याने औषध घ्यावे की नाही, याचा निर्णय गुरुभगवंतांचा. त्यात या लेखकाने बोलू नये. मात्र त्यांना विचारताना ‘एक साधी गोळी आहे’ असे न सांगता ‘अचानक थांबविल्यास झटके येऊ शकतात अशी गोळी सहा वर्षे चालू आहे’ असे पूर्ण सांगावे. वैद्यकीय बाजू तर स्पष्ट आहे. गोळी बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पायरीपायरीने. साधारणतः दर दोन आठवड्यांनी मात्रा चतुर्थांशाने किंवा त्याहूनही कमी प्रमाणात उतरवितात आणि शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश ठेवतात. औषध सावकाश सोडणाऱ्या दीर्घपरिणामी गोळ्या मनाने तोडू वा कुटू नयेत. सहा वर्षांची सवय दोन महिन्यांत सुटेलच, याची हमी कोणी देणार नाही. म्हणून त्या भगिनींना माझे सांगणे असे : हे वर्ष गोळी उतरविण्याचे ठेवावे आणि अठ्ठाई पुढील वर्षी करावी.

चौविहाराचा प्रश्न याहून सार्वत्रिक आहे आणि डॉक्टर तो आपणहून क्वचितच विचारतात. झोल्पिडेमचेच पाहा. ती अर्ध्या तासात चढू लागते, दीड तासाच्या सुमारास तिचा अंमल ऐन भरात असतो आणि त्यानंतर रक्तातील तिचे प्रमाण दर अडीच तासांच्या आसपास निम्मे निम्मे होत जाते. म्हणूनच ती अंथरुणावर पडतानाच घ्यावी आणि पुढील सात-आठ तास झोपेसाठी मोकळे असावेत, अशी सूचना असते. साडेसहाला भोजन आटोपून कोणी ती घेतली, तर अंमल भरात येतो तो आठच्या सुमारास किंवा भरल्या पोटामुळे त्याहूनही थोडा उशिरा, म्हणजे प्रतिक्रमण आटोपून उपाश्रयाच्या पायऱ्या उतरताना. रात्री दहाला पाठ टेकेपर्यंत ती ओसरू लागलेली असते आणि मध्यरात्रीनंतर जाग येते. मग ‘अलीकडे एकीने भागत नाही’ अशी तक्रार होते आणि मात्रा वाढते. सूर्यास्तानंतर काहीही न घेण्याचा नियम असल्यास तो पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगावा. अशा व्यक्तीसाठी गोळीवाचूनचे उपाय आधी करून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वृद्धांच्या बाबतीत एक हिशेब मांडतो. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये साठीपुढील व्यक्तींवर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गोळीने रात्रीच्या झोपेत पडणारी भर सरासरी २५ मिनिटांची निघाली. १३ जणांना गोळी द्यावी तेव्हा एकाची झोप सुधारते आणि ६ जणांना द्यावी तेव्हा एकाला अपाय होतो, असे त्या आढाव्याचे गणित होते. व्यापारी घरांतील वाचकांना हा ताळेबंद अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

अपाय कोणता, तर मुख्यतः पडणे. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि तोवर दुकानात येऊन गल्ल्यावर बसणारा माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. दिवसा गुंगी, विसराळूपणा, बोलताना शब्द न आठवणे, हेही होते आणि त्याला आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. या गोळ्यांनी पुढे स्मृतिभ्रंश जडतो काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही. डायझेपाम निम्मे होण्यास एक ते दोन दिवस लागतात, वृद्धांत त्याहूनही अधिक. त्यामुळे रोजची गोळी आदल्या दिवसाच्या शिलकीवर पडते आणि मागील बाकी कधी फिटतच नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी चालू असताना झोपेची गोळीही घेतली, तर दोन्ही मिळून श्वसन मंदावू शकते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचेही तेच. मद्य आपल्या घरात नसते म्हणून हा धोका आपल्याला नाही, असे समजू नये.

तरुणांचीही सुटका नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी झोल्पिडेमच्या साध्या गोळीची शिफारशीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश जाते आणि सकाळी गाडी चालविताना रक्तात उरलेली असते. झोपेतच चालणे, स्वयंपाक करणे, एवढेच काय मोटार चालविणे, असे प्रकार घडल्यामुळे २०१९ साली त्याच संस्थेने या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापण्यास भाग पाडले. हे पहिल्याच गोळीनंतरही घडू शकते. ज्यांना पहाटे माल उतरवून घेण्यासाठी स्वतः गाडी चालवीत बाजारात जावे लागते, त्यांनी याचा विचार करावा. जो मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा गादीवर बसल्याबसल्या डुलक्या घेतो, त्याला तर आधी झोपेतील श्वासरोधाची तपासणी हवी. त्याचा घसा गोळीने अधिकच शिथिल होतो.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या बाजारपेठेत औषधाचे दुकानही ओळखीचेच असते आणि ओळखीला चिठ्ठी लागत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. मार्चअखेरीस वसुली अडकली, झोप उडाली, शेजारच्या दुकानदाराने खिशातली गोळी काढून दिली, ही आपल्याकडील नेहमीची सुरुवात. आईची गोळी मुलगा घेतो, मुलाची पाहून सून घेते. शिवाय पोटाच्या मुरड्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड मिसळलेले असते आणि ते याच कुळातले. पाकिटावरील बारीक अक्षर वाचल्यावाचून हे कळत नाही.

गोळी सुटते काय? सुटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना धोके समजावून सांगणारी आणि मात्रा कशी उतरवावी हे दाखविणारी एक पुस्तिका देण्यात आली. सहा महिन्यांत त्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण बंद केली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते.

आणि गोळीवाचूनचे उपाय म्हणजे गरम दुधाचा पेला नव्हे. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याच्या पद्धतीची शिफारस केली. त्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवतात, सुटीच्या दिवशीही. अंथरूण झोपेसाठीच राखतात. तेथे मोबाइलवर दिवसाची उलाढाल पाहत बसायचे नाही. वीसेक मिनिटांत झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसतात आणि डोळे जड झाल्यावरच परततात. दुकान बंद करताना घेतलेला चहा पाच तासांनीही अर्धाअधिक अंगात असतो, हेही ध्यानात ठेवावे.

ज्येष्ठांच्या बाबतीत मी प्रथम वेळा लिहून आणावयास सांगतो. रात्री नऊला अंथरुणावर पडणारे आजोबा पहाटे तीनला जाग येते म्हणून गोळी मागतात, तेव्हा त्यांची सहा तासांची झोप झालेली असते आणि दुपारी भोजनानंतरचा दीड तास वेगळा. अशांचा दुपारचा डोळा अर्ध्या तासावर आणून रात्री पाठ टेकण्याची वेळ साडेदहावर नेली, की काही आठवड्यांत पुष्कळांना साडेचारपर्यंत झोप लागते. त्यानंतरचा वेळ सामायिकाचा असतोच.