वेबसाइटचं बिऱ्हाड



मागे आमच्या शाळेची एक वेबसाइट होती. मुलांच्या कविता, चित्रं, सहलीची वर्णनं असं बरंच काही तिच्यावर होतं. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "बाई, आजीला कविता दाखवायला गेले, तर पानच उघडेना! कुठं गेली माझी कविता?"

उत्तर देण्यासाठी मला आधी काही शब्द समजावून सांगावे लागले. तेच आज तुम्हांलाही सांगते.

एकमेकांना जोडलेल्या पानांचा संच म्हणजे वेबसाइट. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी जोडणी म्हणजे लिंक. आणि पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स ही ब्राउझरचीच नावं.

पण ही पानं राहतात कुठं? हवेत? छे! ती राहतात सर्व्हर नावाच्या संगणकावर. तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत बनवली. १९९१ मध्ये ती जगाला खुली झाली. तिच्या संगणकावर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका!

असा संगणक प्रत्येक जण कुठून आणणार? म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा भाड्यानं घेतात. हे झालं होस्टिंग. आता पत्ता हवा. सर्व्हरचा पत्ता असतो आकड्यांचा. तो कोण लक्षात ठेवणार? म्हणून त्याला सोपं नाव देतात, ते डोमेन नेम. त्याच्या शेवटी डॉट कॉम असतं, डॉट इन असतं, आणि २०१४ पासून देवनागरीतलं डॉट भारतसुद्धा! मात्र हे नाव कायमचं आपलं होत नाही. ठरावीक वर्षांसाठी नोंदवायचं आणि मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरायचे.

थोडक्यात, जागा भाड्याची, नावही भाड्याचं. वेबसाइट म्हणजे बिऱ्हाडच की! आमच्या शाळेत दोन्हींची मुदत संपली आणि कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पानं पुसली गेली. विसरलो आम्ही मोठी माणसं, कविता गेली तिची.

आता आम्ही वर्गाचा ब्लॉग सुरू केलाय. ब्लॉग म्हणजे तारीखवार नोंदींची वेबसाइट, त्यात सहसा नवी नोंद सर्वांत वर. एकेका नोंदीला पोस्ट म्हणतात. जहाजावरच्या नोंदवहीला लॉगबुक म्हणतात ना? त्यातल्या 'लॉग'ला वेब जोडून १९९७ मध्ये 'वेबलॉग' झाला आणि १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग'. आमचा ब्लॉग फुकट आहे, पण जागा दुसऱ्याचीच. म्हणून वर्गाचा नियम असा : कविता आधी वहीत, मग ब्लॉगवर. अशा राखून ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणतात.

त्या मुलीला कवितेच्या पहिल्या चार ओळी आठवल्या. उरलेल्या तिनं नव्यानं लिहिल्या. "पण त्या पहिल्यासारख्या नाहीत, बाई," असं ती अजून म्हणते.

करून पाहा : तुमचं एखादं आवडतं लेखन फक्त संगणकात किंवा मोबाइलमध्ये आहे का? आजच ते वहीत उतरवून ठेवा. आणि पालकांनो, घरात कुणाची वेबसाइट असेल, तर तिच्या मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा!