दिसते तोवर

अंतराळात पाठविला जाणारा माणूस प्रकृतीच्या कसोटीवर हजारांतून निवडलेला असतो. जॉन फिलिप्स हे असेच एक अमेरिकी अंतराळवीर. २००५ च्या एप्रिलमध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले, तेव्हा त्यांची दृष्टी निर्दोष होती. सहा महिन्यांचा मुक्काम निम्मा सरला असता एकदा खिडकीतून पृथ्वीकडे पाहताना ती त्यांना अंधुक दिसू लागली. हे त्यांनी बहुधा कोणाला कळविलेही नाही. परत गेल्यावर आपोआप बरे होईल, असे त्यांना वाटले. परंतु ऑक्टोबरात जमिनीवर उतरल्यावरही दोष गेला नाही, आणि मग वैद्यांची धावपळ सुरू झाली.

२०११ साली अशा सात अंतराळवीरांच्या नेत्रतपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पाच जणांच्या डोळ्यांत, जेथून मज्जातंतूंची जुडी मेंदूकडे निघते, त्या जागी सूज आढळली. पाच जणांचे नेत्रगोल मागच्या बाजूने चपटे झाले होते. गोल चपटा झाला की त्याची लांबी घटते आणि जवळचे अक्षर पुसट होते. गुरुत्वाकर्षणाचा ओढा नसल्याने शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, त्याचा हा परिणाम असावा असे मानतात. कारणाचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप झालेला नाही. आता मात्र अंतराळवीराने तक्रार करण्याची कोणी वाट पाहत नाही. जाण्यापूर्वी, तेथे असताना व परतल्यावर त्याच्या डोळ्याचा आतला पडदा नियमाने तपासला जातो. प्रकाशकिरण आत सोडून, ते किती खोलीवरून परत येतात यावरून पडद्याचे थर मोजणारे ओसीटी नावाचे यंत्र आहे. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडले. २०१३ पासून ते अंतराळस्थानकावरही वापरात आले. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिस्स्याइतका फरकही त्याला कळतो.

वाचक म्हणतील, मुळगावच्या शाळामास्तराला अंतराळाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे ते असे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सर्व राज्यांत आमचा गोवा पहिला आला. येथील प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के. शाळेच्या निकालात असा पहिला नंबर आला असता तर आम्ही पेढे वाटले असते! इंदूर-बडोद्याच्या वाचकांनी हे गोव्याचे दुखणे म्हणून पान उलटू नये. याच पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

मधुमेह डोळ्यात शिरतो तो मागच्या दाराने. दृष्टिपटलावरील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना फुगवटे येतात, त्या झिरपू लागतात. पुढे काही ठिकाणी रक्तपुरवठा तुटतो आणि नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. हे सारे चालू असता पुष्कळ काळ माणसाला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, वर्तमानपत्रही वाचता येते. जेव्हा जाणवते तेव्हा झालेली हानी बहुतेक भरून येत नाही. लेसर व इंजेक्शने उरलेली दृष्टी राखतात. म्हणून वेळेचे महत्त्व.

आमच्याकडे एक समजूत फार घट्ट आहे. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, असे पदवीधर मंडळीही मानतात. शिक्षकांच्या खोलीत हा विषय मी काढला, तेव्हा साखरेची गोळी रोज घेणाऱ्या एका सहकाऱ्यांनी मला नवा चष्मा काढून दाखविला. "सर, गेल्याच महिन्यात तपासले!" म्हणाले. नंबर म्हणजे भिंग कोणते लागते याचा हिशेब. मागचा पडदा त्यात कोणी पाहिलेलाच नसतो.

हा पडदा जिवंत माणसात नीट पाहण्याची सोय हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली नेत्रदर्शक यंत्राने केली. आता त्या पडद्याचे छायाचित्र घेणारे कॅमेरे हातात मावतात, आणि चित्र वाचण्याचे कामही संगणक शिकला आहे. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक चित्रांवर संगणकाला असे शिकविले. त्यातील काही चित्रे भारतातील नेत्ररुग्णालयांची होती. २०१८ साली अमेरिकेने, डॉक्टरावाचून निर्णय देणाऱ्या अशा एका यंत्राला परवानगी दिली.

तरी या यंत्रांनी हुरळून जाऊ नये, असे माझे मत आहे. थायलंडमधील दवाखान्यांत गूगलचे यंत्र वापरून पाहिले, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा चित्रे त्याने नाकारली. खोलीतला प्रकाश जसा हवा तसा नव्हता, चित्र पुसट आले. मग परिचारिकेला रुग्णास दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाण्यास सांगावे लागले, आणि त्यात त्याचा एक दिवस व मजुरी बुडण्याचा प्रश्न आला. शिवाय मधुमेहाच्या खुणा ओळखणारे यंत्र काचबिंदूही ओळखेल, असे गृहीत धरता येत नाही.

तेव्हा प्रौढवयात जडलेला मधुमेह ज्यांच्या घरी आहे त्यांनी, विकार कळताच एकदा आणि पुढे साधारण दरवर्षी, "पडदा तपासा" असे नेत्रवैद्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गरोदरपणापूर्वीच मधुमेह असलेल्या स्त्रियांनी पहिल्या तिमाहीतच हे करावे. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास समोरचे अंधुक दिसते, उजेड सोसत नाही. त्यामुळे बांबोळीला किंवा म्हापशाला जाताना स्कूटर स्वतः चालवत जाऊ नये. मुलाला किंवा सुनेला सोबत घ्यावे, आणि साखरेच्या तपासणीचे जुने कागद पिशवीत टाकावेत.