समुद्रालाही वापसा लागतो



हा प्रश्न माझ्याकडे कधी येईल असे वाटले नव्हते. सोनपेठच्या बाजारादिवशी ओळखीचे एक जोडपे हरभऱ्याच्या बियाण्याविषयी विचारायला आले होते. निघता निघता बाई म्हणाल्या, "साहेब, मालवणला पाण्याखाली जाऊन मासे बघता येतात म्हणे. कवा जावं?" कारभारी हसले. "मे महिन्यात जाऊ की, रान मोकळं झाल्यावर."

मी म्हटले, नेमके तेव्हाच जाऊ नका.

पाऊस उघडला की आपण लगेच औत घालत नाही, वापसा येऊ देतो. समुद्राचेही तसेच आहे. पावसाळ्यात गड, कर्ली या नद्या माती घेऊन मालवणच्या किनाऱ्याला येतात आणि नैर्ऋत्येचा वारा तळ ढवळून काढतो. ऑक्टोबरात वारा पडतो, गाळ बसू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरेच नितळ असते. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी दहाब नावाचे गाव आहे. तिथे वाळवंट; पाऊस नाही, नदी नाही, म्हणून पाणी बारमाही स्वच्छ. आपल्याला ती चैन नाही, पण पाऊस आहे हे काय थोडे?

मे महिन्यात वारा फिरतो, लाटा वाढतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. मेअखेर ते ऑगस्टअखेर तर हे सारे बंदच असते.

मग सोनपेठकरांनी कधी जावे? सोयाबीन घरात आले, ज्वारी उगवली, कापसाची पहिली वेचणी झाली आणि हरभरा पेरून झाला, की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य एवढी फट सापडते. हरभरा फुलावर येण्याआधी परत या. घाटेअळी कोणाची वाट पाहत नाही. जाण्यापूर्वी पक्षिथांबे तेवढे लावून ठेवा. उसाची तोड लागायची असेल तर मात्र त्या पाळीवर सारे अवलंबून.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाण्याला ओढ फार. अष्टमी ते दशमी भांगाची भरती, पाणी मवाळ. सकाळची वेळ धरा, वारा कमी असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात बुडी देतात. पोहता येत नसले तरी चालते, प्रशिक्षक हात सोडत नाही. श्वास तोंडाने घ्यायचा. कानात दडे बसले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. दमा, हृदयविकार, साधी सर्दी असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने काठावरच बसावे. बोटीत जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर हवे. ते नसेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरा. प्रवाळाला हात लावू नका, ते जिवंत असते. आणि बुडी मारल्या दिवशीच घाट चढू नका. रात्रीचा मुक्काम खालीच करा.

बाईंनी तिथल्या तिथे मार्गशीर्षातली अष्टमी बोटांवर मोजली. कारभारी गप्प. मी त्यांना एवढेच विचारले, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला का? तो राहिलाच होता.