आवाज हप्त्यावर मिळत नाही

गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की नको, हा काय चळवळीच्या अंकात चघळायचा विषय झाला? असं नाक मुरडणारे आपल्यातच निघतील. त्यांना आधीच सांगतो, होय, झाला. कारण प्रश्न आवाजाचा आहे. आणि या देशात कुणी किती मोठ्यानं बोलायचं हे जातीनं ठरवून ठेवलंय. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला मारून टाकलं. खिशातला एवढासा स्पीकर. तोही सहन झाला नाही. तेव्हा वॅट, चॅनेल, स्पीकर ह्या नुसत्या दुकानातल्या गोष्टी आहेत असं कुणी समजू नये.

तर प्रश्न असा. नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला आज पोरं गिटार वाजवतात. कुणी कलापथकात, कुणी लग्नाच्या बँडमध्ये. त्यांच्या मोबाईलवर जाहिरात येऊन आदळते. समजा, लाखाचा परदेशी अ‍ॅम्प्लिफायर, तीन-चार चॅनेलचा, व्हॉल्व्हवर चालणारा, सत्तर हजारांत. सूट तीनच दिवस. हप्त्याची सोय आहे. पोरगं विचारतं, भाऊ, घेऊ का?

पहिला हिशेब त्या भद्र मंडळींशी, जी हे ऐकून गालात हसतात. म्हणतात, तुम्हाला गिटार कशाला? डफ घ्या, ढोलकी घ्या, तेच तुम्हाला शोभतं, त्यातच मातीचा वास आहे. च्यायला, मातीचा वास आम्हालाच का? तुमच्या पोरांनी कार्यक्रमाला दहा पेट्या लावल्या तर ती कला, आमच्या पोरानं एक लावली तर ती चैन! आमची गरिबी तुम्हाला तमाशासारखी बघायला पाहिजे. ती दाखवायला आम्ही बांधलेले नाही.

हे वाद्य कुणाच्या बापाचं नाही. मडी वॉटर्स नावाचा काळा माणूस मिसिसिपीतल्या मळ्यावर राबायचा. १९४३ साली तो शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यात एवढा गलका, की साध्या गिटारचा आवाज कुणाच्या कानाला लागेना. त्यानं विजेची गिटार घेतली, अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि मळ्यातलं दुःख शहराच्या छाताडावर वाजवलं. त्याला गरज होती म्हणून यंत्र आलं. आपल्याकडेही मुंबईच्या धम्म विंग्जनं रॉकच्या ठेक्यावर बुद्ध-आंबेडकर गायलेत. तेव्हा गिटार आपली, अ‍ॅम्प्लिफायरही आपला. त्यावर वाद नाही.

वाद आहे तो ह्या सुटीवर.

लाखाची वस्तू सत्तरला. पोरगं म्हणतं, तीस हजार वाचले. अरे, वाचले कुठं? खिशातून सत्तर गेले! जे तीस तुझ्याकडं कधी नव्हतेच, ते वाचवल्याचा आनंद दुकानदार तुला विकतोय. आता सत्तर हजार म्हणजे काय ते आपल्या मापानं मोजू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे सत्तर हजारांना २२४ दिवस. २००५ च्या कायद्यानं हमी दिली होती ती वर्षाला १०० दिवसांची, आणि तीही घरटी. तुझ्या आईनं दोन वर्षं खड्डे खणले तरी हा डबा फिटत नाही.

म्हणून हप्ता. आणि हप्त्याचं खरं नाव आपल्या जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. उचल! दिवाळीच्या आगेमागे मुकादम पाड्यावर येतो, हातावर रोकड ठेवतो, आणि आख्खं कुटुंब कोयता घेऊन बारडोली-सुरतेकडं ऊस तोडायला जातं. पालात राहतं. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते. सीझन संपला की हिशेब होतो. उचल वळती, खावटी वळती, व्याज वळती. हातात काय? पुढल्या वर्षाची उचल. घामाच्या आधी पैसा दिला की माणूस आपला होतो, हे मुकादमाला पुस्तक न वाचता कळलेलं आहे. आता मुकादम पाड्यावर येत नाही, मोबाईलमध्ये बसून येतो. ज्या घरानं उचलीपायी पिढ्या घालवल्या, त्या घरातला पोरगा गिटारसाठी पुन्हा उचल घेणार? मग क्रांतीचं गाणं कुठल्या तोंडानं म्हणणार!

बरं, पैसा बाजूला ठेवू. हे यंत्र करतं काय? चॅनेल म्हणजे एकाच डब्यात तीन-चार वेगळे आवाज. एक स्वच्छ, एक खरखरीत, एक फाटून ओरडणारा. प्रत्येकाची बटणं वेगळी, पायानं कळ दाबली की आवाज बदलतो. एका गाण्यात चारदा आवाज बदलणाऱ्याला ही सोय मोठी. आपल्या गाण्याला किती लागतात? दोन. साथीला स्वच्छ आणि मधल्या तुकड्याला फाटका. तो दुसरा आवाज पायाखालच्या छोट्या पेडलमधून थोडक्यात निघतो.

मग वॅटचा तोरा. पन्नासच्या जागी शंभर वॅट घेतले की आवाज दुप्पट होतो असं पोरांना वाटतं. होत नाही. फरक पडतो तीन डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. आणि व्हॉल्व्हचा डबा खुलतो तो मोठ्यानं वाजवल्यावर. पत्र्याच्या खोलीत, शेजारी रात्रपाळीचा माणूस झोपलेला असताना तू तो कुठं खुलवणार? वर त्याचे व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. अमेरिकेच्या बाजारातला माल १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० वर लावताच धूर. धडगाव-मोलगीकडं वीज कधी येते, कधी नाचते. बिघडलेला डबा उघडणारा माणूस कुठं शोधायचा? जाहिरातीत यातलं काही लिहीत नाहीत.

पण खरी मेख पुढंच आहे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर गिटारसाठीच घडवलेला असतो. फार वरचे, बारीक आवाज तो मुद्दाम गाळतो, म्हणून गिटार गोड लागते. पण माणसाच्या बोलण्यातले स, श, त, च त्याच वरच्या पट्टीत असतात. त्यात माईक लावून गा, सूर येतो आणि शब्द घोगरा होऊन पडतो. आणि आपल्या गाण्यात शब्द गेला तर राहिलं काय?

आठवा. भीमराव कर्डकांच्या जलशाकडं वॅट नव्हते. वामनदादा कर्डक गावोगाव गायले ते शब्दाच्या जोरावर. आपल्याच शहाद्यात अंबरसिंग महाराज भजनं म्हणत भिल्लांच्या वस्त्यांतून फिरले, आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा सालदार-मजुरांना सावकारापुढं ताठ उभं राहायची भाषा मिळाली. कडूबाई खरातांची एकतारी आज मोबाईलवरून घराघरांत पोचते, ती एका तारेच्या जोरावर नव्हे, शब्दाच्या जोरावर. म्हणून एकतारीच धरा असं मी म्हणत नाही. यंत्र घ्यायचं ते शब्द पोचवायला, बुडवायला नाही, एवढंच म्हणतो.

बुडवायचं काम जयंतीच्या डीजेनं केलंच आहे. पिकअपवर पेट्यांच्या भिंती, छातीत धडधड, म्हातारी माणसं दारं लावून घरात. बाबासाहेबांचं नाव त्यात असतं, म्हणणं ऐकू येत नाही. वर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी. हा नियम दुसऱ्यांच्या मिरवणुकीत झोपतो आणि आपल्या मिरवणुकीत काठी घेऊन उठतो. पण नुसत्या दणदणाटासाठी काठी खायची? खायचीच तर एखाद्या धारदार ओळीसाठी खाऊ.

मग घ्यायचं काय? गिटारवर पोट असेल, बँडमध्ये सुपाऱ्या लागलेल्या असतील, आणि एका लग्नसराईत पैसा परत येणार असेल, तर ते हत्यार आहे, खुशाल घे. पण रोख घे, वाजवून घे, व्होल्ट बघून घे. आणि सुटीची तारीख बघून घेऊ नकोस, सुपारीची तारीख बघून घे. कलापथकासाठी घ्यायचं असेल तर तोच पैसा सगळ्यांनी मिळून जमवा. आधी दोन चांगल्या पेट्या, एक मिक्सर, चार माईक. उरलं त्यात गिटारला एक छोटा, दोन आवाजांचा, व्हॉल्व्ह नसलेला डबा. मालकी पथकाची, नोंद वहीत. पोरगं कामाला सुरतेला गेलं तरी पेटी इथं राहिली पाहिजे.

आणि त्या चार माईकांतला एक बाईच्या हातात द्या. दुसरा पाड्यावरच्या पोराच्या. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यातली शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी होती. भिली, पावरी, मावची, अहिराणी ही इथली तोंडं. काठीच्या होळीला रात्रभर ढोल घुमतात, त्यांना कुणाच्या वॅटची गरज पडली नाही. त्यांना आपण आवाज द्यायला निघालेलो नाही, त्यांच्याकडं तो आहे. गरज आहे ती त्यांनी आणि आपण एका मिक्सरला येऊन जुळायची. तीन-चार चॅनेल हवेतच ना? हे घ्या चॅनेल! बौद्धवाड्याचा एक, पाड्याचा एक, ऊसतोडीवरून परतलेल्या बाईचा एक. ह्यांचा आवाज एका वेळी सुटला, तर साखरवाल्यांना आणि मुकादमांना कानात बोळे घालावे लागतील.

दुकानातली सूट रविवारी संपेल, सोमवारी नवी लागेल. तिला पळू द्या. आपण पैसा जमवू, गाणं बांधू, आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला प्रत्येक शब्द कळला का, ते विचारू. तिला कळला तर आपलं यंत्र बरोबर आहे.

जय भीम!