टपालाचा शेअर बाजारात नेण्याआधी

टपाल पोहोचवणारी कंपनी एकदा घसरणीला लागली की तिचा शेअर पुन्हा सावरतो का, हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत लंडनपासून टोकियोपर्यंतच्या गुंतवणूकदारांना वारंवार पडला आहे. भारतात तो अजून या स्वरूपात उभा राहिलेला नाही, कारण इथले टपाल हे केंद्र सरकारचे खाते आहे आणि त्याचा शेअर कोणत्याही बाजारात नोंदलेला नाही. परंतु त्या दिशेने जाणारी वाट हळूहळू तयार होत आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २०१४ मध्येच एक धारक कंपनी, म्हणजे इतर कंपन्यांचे भाग स्वतःकडे ठेवणारी मूळ कंपनी, स्थापून तिच्या हाताखाली टपालाची वेगवेगळी कामे वेगवेगळ्या कंपन्यांकडे सोपवावीत, असे सुचवले होते. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा जो मक्ता सरकारकडे राखून ठेवला होता, तो १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या डाकघर कायद्यात उरलेला नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात टपालाचे रूपांतर मोठ्या सार्वजनिक मालवाहतूक संस्थेत करण्याची घोषणा झाली आणि हे खाते नफ्याचे केंद्र व्हावे, असे उद्दिष्ट दळणवळणमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी जाहीर केले. नफ्याचे उद्दिष्ट ठरले की भागविक्रीचा विचार फार दूर राहत नाही. म्हणून ज्यांनी ही वाट आधी तुडवली त्यांचे काय झाले, हे आताच पाहून घेणे शहाणपणाचे आहे.

यातले सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनच्या रॉयल मेलचे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये या कंपनीचा शेअर ३३० पेन्सला विकण्यात आला आणि पहिल्याच दिवशी तो ४५५ पेन्सवर गेला, तेव्हा सरकारने जनतेची मालमत्ता कवडीमोलाने विकल्याची ओरड झाली. पुढे २०१८ मध्ये सहाशे पेन्सच्या वर गेलेला हाच शेअर २०२० च्या वसंतात सव्वाशेच्या आसपास कोसळला, टाळेबंदीत घरोघरी पार्सले वाढली तेव्हा पुन्हा सहाशेच्या वर चढला आणि पार्सलांचा तो पूर ओसरून पोस्टमनांचे संप सुरू होताच परत खाली आला. अखेरीस डॅनियल क्रेटिन्स्की या झेक उद्योगपतीच्या समूहाने अखेरचे लाभांश धरून ३७० पेन्सच्या भावाने कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये ती लंडनच्या बाजारातून बाहेर पडली. ज्याने २०१३ मध्ये शेअर घेऊन तो अखेरपर्यंत सांभाळला, त्याच्या हाती आधीच्या लाभांशाखेरीज बारा वर्षांत प्रत्येक शेअरमागे चाळीस पेन्स पडले. शेअर सावरत होता, पण सावरलेला टिकत नव्हता, आणि त्याचे कारण व्यवस्थापनाच्या कमी-अधिक कर्तबगारीपेक्षा खोल होते.

ते कारण म्हणजे सार्वत्रिक सेवेचे बंधन. देशातल्या प्रत्येक पत्त्यावर, मग तो राजधानीतला असो की बेटावरचा, एकाच दराने आणि ठरलेल्या दिवशी टपाल पोहोचवले पाहिजे, अशी कायद्याने घातलेली ही जबाबदारी आहे. पत्रांची संख्या घटली म्हणून पोस्टमनची फेरी आखूड होत नाही. त्याच्या थैलीत चाळीस पत्रे असोत की चार, चालावे तेवढेच लागते. त्यामुळे उत्पन्न उतरते, खर्च मात्र जागच्या जागी राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी पहिल्या श्रेणीचे जे तिकीट भागविक्रीच्या वर्षी ६० पेन्सला मिळत होते, ते एप्रिल २०२५ मध्ये १ पौंड ७० पेन्सचे झाले. तरीही भागले नाही, म्हणून दुसऱ्या श्रेणीची पत्रे एक दिवसाआड वाटण्याची मुभा नियामकाला द्यावी लागली. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. भागविक्रीच्या आदल्या वर्षी ब्रिटिश सरकारने कंपनीच्या जुन्या निवृत्तिवेतनाची सारी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली होती. म्हणजे बाजाराने जी कंपनी उचलली तिचे जडातले जड ओझे करदात्याने आधीच उतरवून घेतले होते, आणि तरीही तिची ही गत झाली. जर्मनीचे टपाल तगले, ते डीएचएल ताब्यात घेऊन जगभरच्या मालवाहतुकीत उतरले म्हणून. पत्रांच्या बळावर ते तगलेले नाही. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने तर २०२५ च्या अखेरीस पत्रे पोहोचवणेच थांबवले.

भारतीय टपालाची तूट याच चौकटीत पाहिली पाहिजे. २०१८-१९ मध्ये खात्याचे उत्पन्न सुमारे १३ हजार कोटी रुपये होते आणि पगार व निवृत्तिवेतन यांवरचा खर्च २६ हजार कोटींहून अधिक होता; त्या वर्षीची तूट १५ हजार कोटींच्या घरात गेली, तेव्हा टपालाने तोट्यात एअर इंडिया आणि भारत संचार निगमला मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या. ही तुलना मुळातच अन्यायाची होती. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड पोहोचवायला खात्याला २०१६-१७ मध्येच सुमारे बारा रुपये खर्च येत होता आणि तो दर खात्याने नव्हे, सरकारने सामाजिक हेतूने रोखून धरला होता. देशातल्या सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरांपैकी दहात नऊ ग्रामीण भागात आहेत, तीही नफ्याचा अंदाज बांधून उघडलेली नाहीत. जो खर्च जाणूनबुजून सार्वजनिक हितासाठी केला जातो, त्याला तोटा म्हणणे हा हिशेबाचा दोष आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हे अमूर्त राहत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या डोंगरी तालुक्यांत शाखा डाकघर म्हणजे बहुधा डाकपालानेच उपलब्ध करून दिलेली एक खोली, एक टेबल, तारखेचा शिक्का आणि हातातले यंत्र. त्या यंत्रावर बोट टेकवून वृद्ध बाई निराधार योजनेचे पैसे गावातच काढते, म्हणून तिचा तालुक्याच्या बँकेपर्यंतचा एसटीचा हेलपाटा वाचतो. हे काम करणारा ग्रामीण डाकसेवक पूर्ण वेळेचा सरकारी नोकर मानला जात नाही. २०१८ च्या सुधारणेनंतर त्याचे किमान मासिक मानधन दहा ते बारा हजार रुपयांच्या घरात आले. खात्याचा खर्च कमी करायचा झाल्यास सर्वांत आधी कात्री याच खोलीला लागेल, कारण शेअर बाजाराला तिचे मोल मोजण्याचे कोणतेही साधन नाही.

शहरातही टपालाची गरज सरलेली नाही, उलट तिचे रूप बदलले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि सहा जिल्ह्यांच्या खटल्यांच्या नोटिसांचा ओघ इकडे वळला. नोटीस योग्य पत्त्यावर रजिस्टरने पाठवली की ती पोहोचली असे कायदा गृहीत धरतो. पाकिटावर पोस्टमनने मारलेला ‘घेण्यास नकार’ हा शेरा पक्षकाराचे भवितव्य ठरवू शकतो. हे रजिस्टर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे आणि नोंदणीची सोय त्याला जोडून, वेगळे शुल्क आकारून दिली जाते. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण त्या शेऱ्याची विश्वासार्हता खासगी कुरिअरच्या पावतीला अजून आलेली नाही, हेही त्यातून दिसते.

नफा मिळू शकतो तो पार्सलात, आणि तिथे मात्र खात्याने स्वतःच्या उणिवांकडे डोळेझाक करू नये. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि जगभर या चपलेचे नाव झाले. परंतु सुभाषनगरातल्या किंवा कागलकडच्या कारागिराला परदेशातील गिऱ्हाईक थेट मिळाले, तर जोड पाठवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. डाकघर निर्यात केंद्रांची योजना नेमकी यासाठी आहे: सीमाशुल्काचा अर्ज ऑनलाइन भरून छोटा निर्यातदार बंदरावर न जाता माल पाठवू शकतो, आणि देशात अशी हजारावर केंद्रे झाली आहेत. मात्र अमेरिकेने लहान पार्सलांवरची शुल्कमाफी काढताच ऑगस्ट २०२५ मध्ये टपालाने तिकडची पार्सले थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली; गिऱ्हाईक एवढे थांबत नाही. गुळाचेही तसेच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ पावसाळ्यात ओल धरून पाझरतो, त्याला हवाबंद वेष्टन आणि दारातून उचल हवी. कुरिअरवाला दुकानातून माल उचलतो, टपालात बहुतेकदा तो काउंटरपर्यंत न्यावा लागतो. खात्याने आणलेल्या ५८०० कोटींच्या नव्या संगणक प्रणालीची कसोटी ही उचल किती गावांत सुरू होते यावर लागेल.

म्हणून भागविक्रीची चर्चा करण्यापूर्वी सरकारने दोन हिशेब वेगळे मांडावेत. पहिला सेवेचा: डोंगरातली शाखा, पोस्टकार्ड, दारात मिळणारे अनुदान यांचा खरा खर्च किती, तो अर्थसंकल्पात उघडपणे सेवेचे मोल म्हणून तरतूद करून द्यावा, आणि जुन्या निवृत्तिवेतनाची रक्कमही तिथेच दाखवावी. दुसरा व्यवसायाचा: पार्सल, स्पीड पोस्ट, विमा आणि २०२२-२३ मध्ये प्रथमच नफ्यात आलेली टपाल पेमेंट्स बँक यांनी बाजारात खासगी स्पर्धकांशी दोन हात करावेत आणि त्यांच्या यशापयशाचे मोजमाप कठोरपणे व्हावे. हे दोन्ही एकाच वहीत लिहिलेले असताना शेअर काढला, तर गुंतवणूकदार फसेल आणि गावही. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी या विभागाचा असा दुपदरी हिशेब संसदेत मागावा. शाखावार उत्पन्न आणि खर्चाच्या नोंदी नव्या संगणक प्रणालीमुळे खात्याला आता काढता येतात, तेव्हा माहिती उपलब्ध नसल्याचे उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही.