जाहिरात निघण्याआधीचे महिने

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की बेंबळीसारख्या गावांबाहेरचे डांबरी रस्ते पहाटे साडेचारला जागे होतात. मोबाईलवर वेळ लावून सोळाशे मीटर, मग शंभर मीटरच्या फेऱ्या, मग गोळा. पहिला आठवडा रस्ता भरलेला असतो. महिन्याभराने त्यातली बरीच पोरं दिसेनाशी होतात आणि आपण शिक्षक-प्रशिक्षक म्हणतो, हल्लीच्या पोरांत चिकाटी राहिली नाही.

हा निवाडा आम्हाला मान्य नाही. पोरगं घरी बसतं त्याआधी बहुधा त्याची नडगी दुखू लागलेली असते. नव्याने पळणाऱ्याचा दम सहा-आठ आठवड्यांत चांगला वाढतो, पण हाड आणि स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. ताण पडला की हाड आधी आतून झिजतं आणि मग नव्याने भरतं. हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. दम वाढला म्हणून पोरगं रोज डांबरावर जीव तोडून पळतं, तेव्हा हाड नेमकं नाजूक अवस्थेत असतं. ही गोष्ट पोराला ठाऊक नसणारच. ती आपल्याला ठाऊक असायला हवी. पहिले दोन महिने दिवसाआड पळणं, डांबराऐवजी शाळेचं मैदान किंवा मातीची वाट, मध्ये चालणं, आणि घड्याळ खिशात. एवढं सांभाळलं तरी निम्मी दुखणी टळतील असं आमचं ठाम मत आहे.

घाईची किंमत याहून मोठीही असते. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीची पाच किलोमीटरची धाव पळताना उमेदवार दगावले. अंतर पुढे कमी झालं. आज मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण पुरुषांच्या सोळाशे मीटरला आहेत. उन्हातान्हात, अपुऱ्या तयारीने पळणारे मात्र अजून आहेतच.

चिकाटी कशी घडते हे पाहायला आपल्या धाराशिव जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. इथल्याच सारिका काळे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास खो-खोकडे वळल्या. घरी परिस्थिती हलाखीची, जेवणाचीही ओढाताण. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी पैशाच्या विवंचनेने खचून खेळ सोडायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. प्रशिक्षकांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. या कहाणीतला सुवर्णपदकाचा भाग सगळे सांगतात. आम्हाला महत्त्वाची वाटतात ती पदकाआधीची दहाएक वर्षं: तोच खांब, तीच साखळी, तीच हुलकावणी, आणि मन खचलं तेव्हा समजूत घालणारा प्रशिक्षक.

आता सुगीचा प्रश्न. सोयाबीनच्या काढणीला पोरं शेतात जातात, जावंच लागतं. अशा वेळी सराव बंद पडला तर दोन-चार आठवड्यांतच कमावलेला दम ओसरू लागतो आणि परत आलेलं पोरगं आपला वाढलेला वेळ पाहून हिरमुसतं. यावर उपाय आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत, आठवड्याचे सहा दिवस सराव करणाऱ्यांचे दिवस दोनवर आणले, पण पळण्याचा जोर आणि दर वेळचा कालावधी तोच ठेवला, तेव्हा त्यांचा दम 15 आठवडे टिकून राहिला. म्हणजे काढणीतल्या पोराला आपण मोकळेपणाने सांगू शकतो: बाबा, दोनच दिवस ये, पण ते दोन दिवस चुकवू नकोस. हे त्याला शिक्षा वाटत नाही. सुगी संपल्यावर तो पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

मुलींच्या बाबतीत सराव तुटण्याचा प्रश्न अधिकच मोठा आहे. पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर पळणं घरच्यांना पटत नाही, म्हणून त्यांचा सराव सगळ्यांत आधी थांबतो. शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर उघडं ठेवणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

आपल्या गावातल्या पोरापोरींचं सुगीचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक आपण कसं बसवता, ते आम्हाला लिहून पाठवा. जाहिरात निघायची वाट न पाहता, याच महिन्यात.